वस्ती कशी आहे?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्या काळी जन्मली त्या काळी घर बांधायचे ते आपल्याच गावात, आपल्याच आळीत. चुन्याचा भाव कडाडला, गवंडी अर्ध्यातून पळाला, सुताराने फसवले, एवढ्याच काय त्या विवंचना. शेजार कसा मिळेल ही चिंता सहसा नसे. शेजार आपल्याआधीच तिथे हजर असे आणि त्याचे गुणदोष तीन पिढ्यांना तोंडपाठ असत.

आता काळ पालटला. पुण्या-नाशिकच्या, दादर-डोंबिवलीच्या घराघरांतून कुणाचा मुलगा, कुणाची लेक आणि जावई सातासमुद्रांपलीकडे संसार थाटतात. नोकरी ठरली, पगार ठरला, विमानाचे तिकीट आले की घरातली वडील माणसे एकच प्रश्न विचारतात, "घर कुठे घेताय? वस्ती कशी आहे?" न्यूयॉर्क, शिकागो, लंडन यांबद्दल आपण काहीबाही ऐकून असतो. परंतु पुष्कळदा नोकरी निघते ती कधी नावही न ऐकलेल्या लहानशा गावी. एके काळी तिथे मोठमोठे कारखाने धडधडत असत. आता त्यांतले कित्येक बंद पडलेले. अशा गावाची चौकशी करावी तर एक ओळखीचा म्हणतो, "छे, छे, तिकडे मुळीच जाऊ नका!" दुसरा म्हणतो, "आम्ही पंधरा वर्षे राहतो आहोत, कुणी केसालाही धक्का लावला नाही." गंमत अशी की दोघेही त्याच गावाबद्दल बोलत असतात आणि दोघेही खरे बोलत असतात. मग विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

हा प्रश्न हवेत सोडवण्यापेक्षा एखादे खरे गाव समोर ठेवून सोडवलेला बरा. त्यासाठी अमेरिकेतले असे एक गाव घेऊ, की ज्याच्याशी आपला संबंध वाटतो त्याहून जुना आहे.

जगाला उजेड देणारे गाव

न्यूयॉर्क राज्यात, पण न्यूयॉर्क शहरापासून मोटारीने तीनेक तासांच्या अंतरावर, मोहॉक नदीच्या काठी स्केनेक्टडी नावाचे गाव आहे. नाव उच्चारताना आपली जीभ अडखळते, कारण ते मुळात इंग्रजी नव्हेच. तिथल्या मूळच्या मोहॉक लोकांच्या भाषेतले ते आहे आणि 'पाइनच्या रानापलीकडचे' असा काहीसा त्याचा अर्थ सांगतात. १६६१ साली डच लोकांनी हे गाव वसवले. पुढे १८८६ साली थॉमस एडिसनने आपला यंत्रांचा कारखाना इथे आणला, आणि १८९२ साली त्यातूनच जनरल इलेक्ट्रिक कंपनी उभी राहिली. आगगाडीची एंजिने बनवणारी अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजे 'अल्को', हीदेखील इथलीच. जगाला उजेड देणारे आणि जगाचे ओझे ओढणारे गाव, अशी बिरुदावली स्केनेक्टडी मोठ्या अभिमानाने मिरवीत असे.

ती फुकाची नव्हती. १९६२ साली भारतीय रेल्वेत जी डब्ल्यूडीएम-२ जातीची डिझेल एंजिने आली ती अल्कोचीच, आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात ती बनू लागली तीही अल्कोच्याच आराखड्यावर. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ज्यांनी डिझेलच्या गाडीने लांबचा प्रवास केला असेल, त्यांतल्या बहुतेकांना या दूरच्या गावच्या कारागिरीने ओढून नेले आहे. फक्त हे कुणाला ठाऊक नव्हते इतकेच.

परंतु ज्या अल्कोने आपल्याला एंजिने दिली ती १९६९ साली स्वतःच बंद पडली. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत जनरल इलेक्ट्रिकच्या इथल्या कारखान्यात सुमारे ४० हजार माणसे काम करीत. पुढे काम इतर राज्यांत आणि इतर देशांत गेले आणि यंत्रांनी माणसांची जागा घेतली. कर्ट व्हॉनेगट हा पुढे नावारूपाला आलेला अमेरिकन कादंबरीकार १९४७ ते १९५१ या काळात याच कंपनीच्या प्रसिद्धी खात्यात नोकरीला होता. यंत्रे माणसांना निरुपयोगी करून टाकतात, ही त्याच्या १९५२ सालच्या पहिल्या कादंबरीची कल्पना त्याला इथेच सुचली. आज जुन्या कंपनीच्या वाटण्या होऊन इथला कारखाना जीई व्हर्नोव्हा या नावाने चालतो. तो टर्बाइन बनवतो आणि त्याला जगात मानही आहे. पण ४० हजारांच्या जागी आता काही हजारच माणसे फाटकातून आत जातात.

१९३० साली गावाची लोकसंख्या ९५,६९२ होती. २००० साली ती ६१,८२१ वर आली. म्हणजे तिनांतला एक माणूस निघून गेला. आपल्या गिरणगावाने १९८२ च्या संपानंतर जे पाहिले त्याच जातीचे हे दुःख. फरक एवढाच की मुंबईत गिरण्यांची जमीन सोन्याच्या भावाने गेली, आणि स्केनेक्टडीत जमिनीला कुणी विचारीना.

वस्तीची भीती जन्मते ती इथे. माणसे गेली, पण घरे जागच्या जागी उरली. गिऱ्हाईक नाही म्हणून घरांच्या किमती घसरल्या. धडधाकट कुटुंबे शेजारच्या उपनगरांत गेली. म्हातारी माणसे वारली आणि दूरच्या गावी असलेल्या मुलांनी घर मिळेल त्या भावाने फुंकून टाकले. ते घेणारा पुष्कळदा परगावचा. त्याला भाड्याशी मतलब, छपराशी नाही. घरपट्टी थकली की घर नगरपालिकेच्या गळ्यात. मग खिडक्यांना फळ्या ठोकल्या जातात, रात्री कुणी तांब्याचे नळ उपटून नेतो, कुणी आडोशाला बसतो, एखाद्या हिवाळ्यात घराला आग लागते. एका ओळीत असे एक घर असले तरी शेजारचा माणूस आपले घर रंगवताना दहादा विचार करतो.

एका गावात सात गावे

या गावात फिरून पाहिले तर मात्र 'स्केनेक्टडी सुरक्षित आहे का?' हा प्रश्नच किती पोकळ आहे ते कळते.

नदीच्या कडेला 'स्टॉकेड' नावाची सर्वांत जुनी पेठ आहे. अरुंद रस्ते, दोन-अडीचशे वर्षांची लाकडी आणि विटांची घरे, दारात फुलझाडे. युनियन कॉलेजच्या मागे जनरल इलेक्ट्रिकने आपल्या अधिकाऱ्यांसाठी आणि शास्त्रज्ञांसाठी विसाव्या शतकाच्या आरंभी वसवलेला 'रिॲल्टी प्लॉट' आहे. तिथले बंगले पाहून आपल्याला पुण्याच्या जुन्या बंगल्यांची आठवण यावी. तिथून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर 'हॅमिल्टन हिल' ही टेकडीवरची वस्ती. कारखान्याच्या भरभराटीच्या दिवसांत कामगारांसाठी बांधलेली दुमजली घरे, खाली एक बिऱ्हाड, वर एक, दोन्ही मजल्यांना पुढे लाकडी ओसरी. गावातली गरिबी, ओसाड घरे आणि बंदुकीच्या बातम्या यांचा मोठा वाटा अनेक वर्षे या टेकडीच्या वाट्याला आला. अलीकडे तिथली पडकी घरे पाडून नवी उभी केली जात आहेत. याखेरीज माँट प्लेझंट, बेलव्ह्यू, वुडलॉन, अप्पर युनियन स्ट्रीट असे भाग आहेत. प्रत्येकाचा स्वभाव निराळा. आणि गावाची हद्द ओलांडली की निस्कायुना हे सुखवस्तू उपनगर. कंपनीची जुनी संशोधन शाळा तिथेच असल्यामुळे भारतीय इंजिनियर कुटुंबे पुष्कळदा तिकडेच पहिले घर पाहतात.

अमेरिकेतल्या अभ्यासकांनी या बाबतीत एक उपयुक्त गोष्ट सिद्ध केली आहे. लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनियापोलिस शहरात पोलिसांना एका वर्षात आलेल्या तीन लाखांवर हाका तपासल्या. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की शहरातल्या अवघ्या तीन टक्के पत्त्यांवरून निम्म्या हाका आल्या होत्या. पुढे सिएटल आणि इतर शहरांतही थोड्याफार फरकाने हेच आढळले. तात्पर्य, गुन्हा सबंध गावावर धुक्यासारखा पसरत नाही. तो एखाद्या नाक्यावर, एखाद्या दारूच्या दुकानापाशी, एखाद्या बेवारशी घरापाशी ठाण मांडतो. ज्या वस्तीला लोक 'वाईट' म्हणतात तिच्यातही बहुतेक रस्ते शांत असतात, आणि 'चांगल्या' वस्तीतही एखादा कोपरा असा असतो की तिथे रात्री गाडी उभी करू नये. म्हणून गावाची चौकशी करू नका, रस्त्याची करा.

आकड्यांची भूल

आजची तरुण मंडळी म्हणतील, एवढे कशाला? आकडे पाहिले की झाले. अमेरिकेत प्रत्येक शहराचे गुन्ह्यांचे आकडे प्रसिद्ध होतात आणि 'सर्वांत धोक्याची दहा शहरे' अशा याद्याही निघतात. खरे आहे. परंतु अशा याद्या करू नयेत असे ज्या खात्याचे आकडे आहेत ते एफ.बी.आय. खातेच वर्षानुवर्षे बजावीत आले आहे. त्याची कारणे साधी आहेत.

पहिले कारण हद्दीचे. आपली शहरे आजूबाजूची गावे गिळून मोठी झाली. स्केनेक्टडी मात्र अकरा चौरस मैलांत कोंडून राहिले. निस्कायुना, ग्लेनव्हिल, रॉटरडॅम ही भोवतालची गावे स्वतंत्र. म्हणजे शहराच्या हिशेबात जुना, गरीब गाभा तेवढा मोजला जातो आणि सधन कड बाहेर राहते. पुण्याच्या आकड्यांतून कोथरूड आणि औंध वगळून केवळ जुन्या पेठांचा आणि झोपडपट्ट्यांचा हिशेब मांडला तर जसे होईल, तसे हे झाले.

दुसरे कारण लहान संख्येचे. सत्तर हजारांच्या आतल्या गावात समजा एका वर्षी तीन खून झाले आणि पुढच्या वर्षी सहा. वर्तमानपत्र लिहील, 'खुनांत शंभर टक्के वाढ!' त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तीन झाले तर 'पन्नास टक्के घट!' प्रत्यक्षात गावात काहीच बदललेले नसेल. लहान गावाचे एका वर्षाचे आकडे म्हणजे नाणेफेक. निदान पाच वर्षांचे ओळीने पाहावेत.

तिसरे कारण भागाकाराचे. गुन्हे किती आणि रहिवासी किती, असा भागाकार करून दर काढतात. पण गावाच्या बाजारपेठेत राहतात थोडे आणि येतात हजारो. स्केनेक्टडीत १९२६ सालचे 'प्रॉक्टर्स' नावाचे भव्य नाट्यगृह आहे. एके काळी करापायी ते नगरपालिकेकडे गेले होते. गावकऱ्यांनी ते वाचवले आणि १९७९ साली पुन्हा उघडले. जिथे अल्कोची एंजिने बनत त्या नदीकाठच्या जागेवर २०१७ साली जुगारगृह उघडले. तिथे येणाऱ्या पाहुण्याच्या गाडीची काच फुटली तर तो गुन्हा स्थानिक रहिवाशांच्या माथी मोजला जातो, पाहुणा मात्र लोकसंख्येत धरला जात नाही. त्यामुळे बाजारपेठेचा दर नेहमीच फुगलेला दिसतो.

चौथे कारण, कुठला गुन्हा? एकूण आकड्यात दुकानातली उचलेगिरी आणि माणसावरचा हल्ला एकाच टोपलीत पडतात, आणि उचलेगिरी संख्येने फार मोठी असते. आणि पाचवे, पोलिसांपर्यंत पोहोचतेच किती? अमेरिकन सरकार घरोघर जाऊन लोकांना विचारते की तुमच्यावर गेल्या काही महिन्यांत काय बेतले. त्या पाहणीत वर्षानुवर्षे असे दिसते की हाणामारीचे निम्म्याहून कमी आणि चोरीचे त्याहूनही कमी प्रकार पोलिसांना कळवले जातात. त्यामुळे जिथे लोकांचा पोलिसांवर विश्वास आहे तिथे तक्रारी जास्त आणि जिथे नाही तिथे कमी, असा उलटा देखावाही दिसू शकतो. त्यातच २०२१ साली एफ.बी.आय.ने मोजण्याची पद्धत बदलली आणि न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारख्या शहरांचेही त्या वर्षीचे आकडे गळाले.

मग आकडे टाकून द्यावेत का? मुळीच नाही. न्यूयॉर्क राज्याचे फौजदारी न्याय खाते प्रत्येक पोलिस ठाण्याच्या हद्दीचे आकडे वर्षावर प्रसिद्ध करते. त्यांतून कल कळतो, चढ आहे की उतार ते कळते. फक्त त्या आकड्यांवरून आपले घर निवडता येत नाही.

डोळ्यांची भूल

आकडे फसवतात म्हणून आपण डोळ्यांवर भिस्त ठेवतो. गाडीतून एक चक्कर मारतो आणि म्हणतो, "काही खरे नाही हो इथले." आपण नेमके काय पाहिले?

१९८२ साली जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी एका लेखात असे मांडले की फुटलेली खिडकी तशीच राहू दिली तर बघता बघता सगळ्या खिडक्या फुटतात. बेशिस्तीतून गुन्हा वाढतो. हे मत पुष्कळ गाजले. पुढे शिकागोत रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कसून तपास केला. ३४३ वस्त्यांतल्या ८,७८२ रहिवाशांना त्यांनी साधे प्रश्न विचारले. पोरे शाळा चुकवून नाक्यावर उभी राहिली तर शेजारी त्यांना हटकतील का? भिंतीवर रेघोट्या ओढल्या तर कुणी बोलेल का? शेजाऱ्यांवर तुमचा विश्वास आहे का? १९९७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की गरिबी सारखी असली तरी जिथे शेजारी एकमेकांच्या पोरांना हटकतात तिथे हिंसा कमी असते. आपल्या चाळीतल्या माईंनी आणि नानांनी हे शास्त्र न शिकताच पिढ्यान्‌पिढ्या चालवले होते!

पण याच अभ्यासकांनी २००४ साली जे दाखवले ते मनाला टोचणारे आहे. त्यांनी रस्त्यांचे चित्रीकरण करून कचरा, रेघोट्या, पडझड प्रत्यक्ष मोजली आणि मग लोकांना विचारले, तुमच्या वस्तीत बेशिस्त किती? प्रत्यक्षात घाण सारखीच असतानाही जिथे काळ्या आणि गरीब लोकांचे प्रमाण अधिक, तिथे सर्वांनाच, अगदी काळ्या रहिवाशांनाही, बेशिस्त अधिक दिसली. म्हणजे डोळे रस्ता पाहत होते आणि मन माणसांचे चेहरे मोजत होते.

आपण यातून सुटलो आहोत काय? घर भाड्याने देताना आडनाव विचारणारे, "सोसायटीत आपलीच माणसे आहेत" हे घराचे वैशिष्ट्य म्हणून सांगणारे आपणच. 'चांगली वस्ती' या दोन शब्दांत आपण इथे काय काय भरतो ते आपल्याला ठाऊक आहे. तीच पुरचुंडी बांधून आपली मुले परदेशी गेली, तर तिथे त्यांना चोर दिसणार नाहीत. फक्त आपल्यासारखी नसलेली माणसे दिसतील.

दलाल गप्प का बसतो?

अमेरिकेत घर घेणाऱ्या भारतीयाला एक अनुभव हटकून येतो. घराचा दलाल छपराबद्दल, नळांबद्दल, शाळांबद्दल तासभर बोलतो, पण "वस्ती सुरक्षित आहे ना?" असे विचारले की हसून म्हणतो, "ते तुम्हीच पोलिसांकडे विचारा." आपल्याला वाटते, हा काहीतरी लपवतो आहे.

खरे कारण इतिहासात आहे. १९३३ साली, मंदीच्या दिवसांत, घरांची कर्जे वाचवण्यासाठी सरकारने एक महामंडळ काढले. त्याने दोनशेंहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. उत्तम वस्ती हिरवी, मग निळी, मग पिवळी, आणि 'धोक्याची' तांबडी. रंग ठरवताना घरांच्या पडझडीबरोबर तिथे काळे किंवा परदेशी लोक राहतात का, हेही लिहिले जाई. स्केनेक्टडीचाही असा नकाशा झाला होता. त्या काळच्या कर्ज देणाऱ्यांची हीच दृष्टी होती; तांबड्या भागात कर्ज मिळणे मुश्किल, कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, आणि डागडुजी नाही म्हणून वस्ती खरोखरच खालावते. भविष्य वर्तवणाऱ्यानेच ते खरे करून दाखवावे, तसा हा प्रकार.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, एप्रिल १९६८ मध्ये, घरांच्या व्यवहारात वंश, धर्म, मूळ देश पाहून भेदभाव करण्यास बंदी करणारा कायदा झाला. गिऱ्हाईकाचा रंग पाहून त्याला या वस्तीकडे किंवा त्या वस्तीपासून दूर वळवणे हाही त्यात गुन्हा ठरला. 'सुरक्षित' हा शब्द तोंडून गेला की या कायद्याचा फास बसू शकतो, म्हणून दलाल गप्प. २०२१ साली घरविक्रीच्या एका मोठ्या कंपनीने याच विचाराने इंटरनेटवरचा आपला गुन्ह्यांचा नकाशा काढून टाकला.

गयानाहून आलेले शेजारी

स्केनेक्टडीच्या कथेत एक पान असे आहे की ते वाचून आपल्याला थोडे अंतर्मुख व्हावे लागते.

१८३८ ते १९१७ या काळात इंग्रजांनी सुमारे दोन लाख चाळीस हजार हिंदी मजूर गिरमिटावर दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या ऊसमळ्यांवर नेले. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांतातले, काही मद्रासकडचे. त्यांचे वंशज पुढे मोठ्या संख्येने न्यूयॉर्क शहरात आले आणि दाटीवाटीच्या घरांत महागडे भाडे भरत राहू लागले. २००२ च्या सुमारास स्केनेक्टडीच्या तेव्हाच्या महापौरांनी एक अफलातून कल्पना काढली. ओसाड घरे आपल्याकडे पडून आहेत आणि कष्टाळू माणसे तिकडे घरे शोधत आहेत. मग त्यांना इकडेच का बोलावू नये? गयानी कुटुंबांना बसमध्ये बसवून ते स्वतः गाव दाखवू लागले.

आणि माणसे आली. ज्या रस्त्यांवर जाऊ नका असे इतरांना सांगितले जाई, त्याच रस्त्यांवर त्यांनी पडकी घरे घेतली. सुट्टीच्या दिवशी बाप-लेकांनी, काका-मामांनी मिळून छपरे शाकारली, जिने बसवले, कुंपणे घातली. काही वर्षांतच फगवा आणि दिवाळी हे गावचे सण झाले. २०१० साली लोकसंख्या ६६,१३५ झाली आणि २०२० साली ६७,०४७. सत्तर वर्षे उतरत गेलेला आकडा वर चढला तो मुख्यतः बाहेरून आलेल्या अशा माणसांमुळे. गावात गुन्हा उरला नाही असे नव्हे. पण फळ्या ठोकलेल्या खिडकीच्या जागी रात्री दिवा दिसू लागला, हा फरक रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही कळतो.

फिलाडेल्फियात तर हे मोजूनच पाहिले गेले. ५४१ ओसाड प्लॉट निवडून, चिठ्ठ्या टाकल्यासारखे कोणतेही काही साफ केले, हिरवळ लावली, छोटे लाकडी कुंपण घातले आणि उरलेले तसेच ठेवले. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गरीब वस्त्यांत साफ केलेल्या प्लॉटांभोवती बंदुकीचे गुन्हे २९ टक्क्यांनी कमी झाले. झाडलोट आणि हिरवळ यांनी हे साधले!

मग पाहावे तरी कसे?

आता सर्वांत कामाची गोष्ट. नवख्या कुटुंबाने घर घेण्याआधी काय करावे?

घर एकदा पाहू नये, चार वेळा पाहावे. कामाच्या दिवशी सकाळी, मुलांची शाळा सुटताना, शुक्रवारी रात्री दहानंतर, आणि जमल्यास पाऊस किंवा बर्फ पडल्यावर. गाडीतून नव्हे, पायी. रस्त्यावरच्या घरांपुढचा बर्फ काढलेला आहे की नाही, यावरून शेजारधर्म जितका कळतो तितका कोणत्याही आकड्यावरून कळत नाही. ओसरीत खुर्च्या आहेत का, मुले सायकली फिरवतात का, रस्त्यावरचे दिवे लागतात का, हे पाहावे. जेन जेकब्स या विदुषीने १९६१ सालच्या आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे की रस्त्याचे रक्षण पोलिसांआधी तिथले रहिवासी आणि दुकानदार आपल्या नजरेने करतात. ती स्वतः स्क्रँटन या कोळशाच्या खाणींच्या गावात वाढलेली होती.

एक युक्ती विशेष सांगण्याजोगी आहे. ३१ ऑक्टोबरला अमेरिकेत मुले सोंगे घेऊन घरोघर खाऊ मागत हिंडतात. ज्या घराने ओसरीतला दिवा लावून ठेवला त्याने 'या' म्हटले, असा संकेत. त्या संध्याकाळी ज्या रस्त्यावर दिवे पुष्कळ आणि पोरांची झुंबड, तिथे शेजारी एकमेकांना ओळखतात असे खुशाल समजावे.

घरमालकाला नव्हे, आजूबाजूच्या चार घरी विचारावे. त्यांत एक तरी म्हातारे माणूस असावे आणि एक टपाल वाटणारा. "इथे सुरक्षित आहे का?" असे विचारले तर उत्तर मिळते "हो" किंवा "नाही", आणि दोन्ही निरुपयोगी. त्यापेक्षा विचारावे, "रात्री कामावरून येताना तुम्ही कुठून चालत येता? गाडी कुठे लावता? गेल्या वर्षी या रस्त्यावर काय काय झाले?" वस्तीच्या संघाची बैठक असते, तिला जाऊन मागच्या बाकावर बसावे. लोक तक्रार कशाची करतात ते ऐकावे. कचऱ्याची आणि भरधाव मोटारींची तक्रार असेल तर निर्धास्त व्हावे. ओळीतली किती घरे ओसाड आहेत आणि किती घरांचे मालक तिथेच राहतात, हे नगरपालिकेच्या दप्तरात पाहता येते.

आणि भीती फक्त चोराचीच धरू नये. १६९० सालच्या फेब्रुवारीत फ्रेंचांनी आणि त्यांच्या साथीदारांनी रात्री स्केनेक्टडीवर छापा घालून साठ माणसे मारली. तटाची दारे सताड उघडी होती आणि पहाऱ्यावर बर्फाचे पुतळे उभे केले होते, अशी दंतकथा आहे. आज त्याच स्टॉकेड पेठेत हौसेने घर घेणाऱ्याला दरोडेखोराची भीती नाही. त्याला भीती नदीची. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाने मोहॉकचे पाणी या पेठेतल्या घरांत शिरले. पुराचा नकाशा पाहणे हे गुन्ह्यांच्या नकाशाइतकेच आवश्यक. गावातली पुष्कळ घरे जुनी. १९७८ पूर्वीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो आणि तो रांगत्या मुलांना फार बाधतो. धुराची सूचना देणारी यंत्रे चालू आहेत का, वरच्या मजल्याला दुसरा जिना आहे का, हे पाहावे. आणि रस्ता? २०२३ साली अमेरिकेत मोटारींच्या अपघातांत ४० हजारांवर माणसे गेली. त्या वर्षीचे खून एफ.बी.आय.च्या अंदाजाने १९ हजारांच्या आसपास. बंदुकीच्या भीतीने दूरच्या उपनगरात राहायला जाऊन जो रोज तासभर बर्फातून गाडी हाकतो, त्याने धोका टाळला की नुसता बदलला, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

हे सारे सांगताना हॅमिल्टन हिलसारख्या वस्तीतले दुःख खोटे आहे असे कुणी समजू नये. तिथल्या आईला मुलगा रात्री घरी येईपर्यंत झोप लागत नाही, ती उगीच नव्हे. बंदुकीला बळी पडतात ती बहुधा त्याच वस्तीतली तरुण मुले. तिकडे वाट चुकून गेलेला पाहुणा नव्हे. आपल्यासाठी जो प्रश्न घर निवडण्याचा आहे, तो त्या आईसाठी निवडीचा नाहीच. तिची वस्ती सुधारायची तर तिथे नीट घरे, कामधंदा आणि उजेड हवा. दुरून तांबडा रंग फासल्याने ती सुधारत नाही, हे त्या गावाने शंभर वर्षांत पुरेपूर अनुभवले आहे.

म्हणून परदेशी निघालेल्या मुलांना आपण जरूर सांगावे की डोळे उघडे ठेवा, कुलूप लावा, गाडीत पिशवी ठेवू नका. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगावी. नव्या घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात डाव्या-उजव्या बाजूच्या दारांवर थाप मारा, आपले नाव सांगा, दिवाळीत दोन करंज्या देऊन या, आणि शेजारच्या म्हातारीच्या दारातला बर्फ काढा. वस्ती ही आयती मिळत नाही. आपण राहायला गेलो त्या दिवसापासून ती कशी आहे याच्या उत्तरात आपणही मोजले जातो.